‘हा आपला विषय नाही’ म्हणणाऱ्या मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

आदरणीय अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत आश्रय मागणाऱ्या लोकांना इमिग्रेशनच्या कोठडीत जामिनाविना डांबून ठेवलं जातंय. त्याविरुद्ध कोर्टांत काय चाललंय, आपल्याला काय करता येईल, यावर एका वकिलांचं दोन तासांचं व्याख्यान रविवारी मंडळाच्या सभागृहात ठेवावं, असा अर्ज मी केला होता. आपण तो नाकारलात. कारणं तीन दिलीत. मंडळ राजकारणात पडत नाही. आपल्यातले बरेच जण व्हिसावर आहेत, तेव्हा उगाच कुणाच्या नजरेत येणं नको. आणि हे लोक बेकायदा आलेले आहेत, हा आपला विषय नाही. सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर याबद्दल टाकलेला माझा निरोपही कुणीतरी काढून टाकला.

हीच तीन कारणं मी दुसऱ्या शहरांतल्या मराठी मंडळांतल्या मैत्रिणींकडूनही ऐकते आहे. म्हणून उत्तर खासगीत न देता सगळ्यांसमोर देते आहे.

आपण मला ओळखता. मी मंडळाची आजीव सभासद आहे. मराठी शाळेत अनेक वर्षं शिकवलं, गणपतीच्या महाप्रसादाला आजही पहाटे हजर असते. माझं माहेर पुण्याचं, सासर बडोद्याचं. त्यामुळे हिंदीबरोबर गुजरातीही चांगली येते. सध्या संध्याकाळी मी इमिग्रेशनच्या वकिलांसाठी फोनवर विनामूल्य दुभाष्याचं काम करते. जे लिहिते आहे ते त्या कामातून लिहिते आहे.

आधी नेमकं काय घडलंय ते सांगते, कारण आपलं उत्तर वाचून ते कार्यकारिणीत कुणी समजून घेतलंय असं वाटलं नाही. १९९६ च्या कायद्यापासून जवळजवळ तीन दशकं एक पद्धत चालत आली. तपासणी न होता सीमा ओलांडून आलेला माणूस पुढे देशाच्या आत पकडला गेला, तर तो इमिग्रेशन न्यायाधीशाकडे जामीन मागू शकत असे. त्याच्यापासून कुणाला धोका नाही आणि तो पळून जाणार नाही, एवढं त्याला पटवून द्यावं लागे. जामिनाची रक्कम कमीत कमी दीड हजार डॉलर. मिळेलच असं नव्हतं, पण मागता येत होता. ८ जुलै २०२५ ला आइसने, म्हणजे लोकांना पकडून कोठडीत ठेवणाऱ्या इमिग्रेशन खात्याने, अंतर्गत आदेश काढला की असे सगळे लोक, मग ते इथे दहा वर्षं राहत असोत की वीस, आत्ताच सीमेवर येऊन उभे आहेत असं समजावं आणि त्यांना जामिनाची सुनावणी देऊ नये. ५ सप्टेंबरला इमिग्रेशनच्या अपील मंडळाने याजुरे हुर्ताडो प्रकरणात हाच अर्थ उचलून धरला. देशभरातल्या इमिग्रेशन न्यायाधीशांचे हात त्याने बांधले गेले. हे न्यायाधीश न्यायपालिकेचे नाहीत, न्याय खात्याचे नोकर आहेत. म्हणजे पकडणारं सरकार, आणि जामीन मागायचा तोही सरकारच्याच माणसाकडे. आता त्यालाही नाही म्हणायला सांगितलेलं.

उरलं ते फेडरल कोर्ट आणि हेबियस कॉर्पसची याचिका, जिला आपल्याकडे बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतात. माणसाला कोंडून ठेवणं कायदेशीर आहे का, हे कोर्टाने तपासावं अशी ती मागणी. ती दाखल करायची फी पाच डॉलर आहे. २०२५ च्या उन्हाळ्यापासून अशा हजारो याचिका पडल्या. शेकडो फेडरल न्यायाधीशांनी, त्यांत खुद्द ट्रम्प यांनी नेमलेलेही आले, सरकारचा अर्थ चुकीचा ठरवला आणि ‘सुनावणी द्या नाहीतर सोडा’ असे हुकूम दिले. सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या कोर्टाने टॅकोमाच्या कोठडीतल्या लोकांच्या बाजूने निकाल दिला. नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात न्यायाधीश सनशाइन साइक्स यांनी देशभरातल्या अशा बंदींचा एकच वर्ग मानून दावा चालवायला मान्यता दिली. उलट फेब्रुवारी २०२६ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी सरकारची बाजू घेतली. टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी ही राज्यं या सर्किटमध्ये, म्हणजे या अपील कोर्टाच्या हद्दीत, येतात. देशातली कितीतरी मोठी इमिग्रेशन केंद्रं टेक्सास आणि लुइझियानात आहेत, आणि न्यू जर्सीत पकडलेल्या माणसाला तिकडे न्यायला एक विमान पुरतं.

हे कसं घडतं ते एका फोनवरून सांगते. माणसाची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. उत्तर भारतातला एक तरुण. सीमेवर पकडला गेला तेव्हा अधिकाऱ्यांनी त्याची मुलाखत घेतली, कागद देऊन सोडलं, पुढची तारीख दिली. त्याने आश्रयाचा अर्ज केला, कामाचा परवाना मिळवला, प्रत्येक तारखेला हजर राहिला. अशाच एका हजेरीला गेला असताना त्याला तिथेच बेड्या घातल्या. त्या रात्री त्याला फोन मिळाला तेव्हा वकीलबाईंचा पहिला प्रश्न होता, तू आत्ता कुठे आहेस? त्याला माहीत नव्हतं. गाडीला खिडक्या नव्हत्या. मी त्याला म्हटलं, बाळा, समोर भिंतीवर काय लिहिलंय ते वाच. त्याला इंग्रजी शब्द वाचता येईनात, म्हणून तो फोनजवळच्या सूचनेतलं एकेक अक्षर सांगत गेला. मी ती वहीत उतरवली, वकीलबाई दुसऱ्या फोनवर ती जुळवत होत्या. तिसऱ्या ओळीत काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, नाव लागलं. मग त्याने हातातल्या पट्टीवरचा इमिग्रेशनचा नऊ आकडी ओळख नंबर वाचला. तेवढ्यात फोन तुटला.

काउंटीच्या नावासाठी एवढी धडपड का? कारण माणूस जिथे कोंडलेला असेल तिथल्याच कोर्टात याचिका करावी लागते. दाखल होण्याआधी त्याला विमानात बसवलं की ती या राज्यात चालत नाही. दाखल झाल्यावर हलवलं, तर कोर्टाचा अधिकार शाबूत राहतो. हा नियम दुसऱ्या महायुद्धात छावणीत डांबलेल्या जपानी वंशाच्या मित्सुये एंडो यांच्या १९४४ च्या खटल्यातून आलेला आहे. त्या रात्री याचिका दाखल झाली. सकाळी हुकूम आला, याला राज्याबाहेर हलवू नका. पुढे त्याला जामिनाची सुनावणी मिळाली, तो सुटला, आणि त्याचा आश्रयाचा अर्ज अजून चालू आहे. त्याच महिन्यात दुसऱ्या एकाच्या बाबतीत आम्हाला अर्धा दिवस उशीर झाला. तो लुइझियानात गेला. तिथून त्याने काही आठवड्यांनी सांगितलं की आता मला लढायचं नाही, परत पाठवा. परत गेल्यावर त्याचं काय झालं हे त्याच्या वकिलालाही कळलेलं नाही.

इमिग्रेशनच्या खटल्यात सरकार वकील देत नाही. ज्याच्याकडे पैसे, भाषा आणि बाहेर धावपळ करणारं कुणी नाही, त्याच्यासाठी पाच डॉलरची याचिकाही आवाक्याबाहेर असते. २०२५ च्या जानेवारीत या कोठड्यांत चाळीस हजारांच्या आसपास माणसं होती. नोव्हेंबरात पासष्ट हजारांच्या वर गेली. त्याच जुलैत काँग्रेसने नव्या कोठड्यांसाठी ४५ अब्ज डॉलर मंजूर केले. आपल्या न्यू जर्सीत न्यूअर्कचं डिलेनी हॉल मे २०२५ मध्ये हजार खाटांचं केंद्र म्हणून पुन्हा उघडलं. आपल्यापैकी अनेकांचं घर तिथून गाडीने तासाभराच्या आत आहे. पलीकडे मॅनहॅटनमध्ये २६ फेडरल प्लाझा या सरकारी इमारतीत इमिग्रेशनच्या दहाव्या मजल्यावर माणसं जमिनीवर दाटीवाटीने झोपत होती. ऑगस्टमध्ये न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी दर माणशी जागा किती द्यायची, झोपायला चटई द्यायची, हे हुकमात लिहून दिलं तेव्हा त्याची दखल घेतली गेली.

आता आपल्या कारणांकडे येते.

पहिलं, राजकारण. माझे वडील शिक्षक होते. १९७५ मध्ये आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली त्यांना घरातून नेलं आणि येरवड्यात ठेवलं. आरोप सांगितला नाही, खटला भरला नाही. आई जेवणाचा डबा घेऊन तुरुंगाच्या दारात जायची, कधी डबा आत जायचा, कधी ती तसाच परत आणायची. तेव्हाही शेजारी म्हणायचे, राजकारणाच्या भानगडीत आपण कशाला पडा. त्या काळात नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं होतं की अटक बेकायदा असेल तर आणीबाणीतही बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका ऐकली जाईल. आपलं नागपूर खंडपीठही त्यांत होतं. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते सगळे निकाल उलटवले. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. बहुमतात आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये त्यांच्याच मुलाने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, तो निकाल गंभीररीत्या सदोष असल्याचं लिहिलं आणि तो रद्द ठरला. मध्ये एक्केचाळीस वर्षं गेली. माझ्या वडिलांना तो दिवस पाहायला मिळाला नाही.

कार्यकारिणीतल्या निदान दोघांच्या घरातली माणसं मिसाबंदी होती, हे मला माहीत आहे. आपण त्यांचे सत्कार केले आहेत. ज्या याचिकेसाठी ती माणसं तळमळली, तीच याचिका आज न्यूअर्कच्या कोर्टात पडते आहे. तिची माहिती देणं हे राजकारण असेल, तर आपण केलेले ते सत्कारही राजकारणच होते. आणि कायद्याचं म्हणाल, तर आपल्या करमुक्त दर्जाखाली उमेदवाराचा प्रचार करायला बंदी आहे. सभासदांना कायद्याची माहिती द्यायला नाही. आपण निवृत्तीच्या करांवर व्याख्यानं ठेवतो, एच-वन-बीच्या बदलांवर ठेवतो, तेव्हा हा प्रश्न कुणी काढत नाही.

दुसरं कारण, नजरेत येणं. ही भीती खोटी नाही. माझा धाकटा भाऊ अजून ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, मला ती घरात दिसते. पण ज्यांना भीती वाटते त्यांना मी कोठडीच्या दारात उभं राहायला सांगत नाही. आमच्यासारखे नागरिक झालेले शेकडो सभासद मंडळात आहेत. पुढे आम्हाला करा.

आणि जी मुलं इथे जन्मली म्हणून आपण निर्धास्त होतो, त्यांचं नागरिकत्व कशावर उभं आहे? सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क नावाचा एक चिनी स्वयंपाकी १८९५ मध्ये चीनहून परत आला. बंदरावरच्या अधिकाऱ्याने त्याला उतरू दिलं नाही. कित्येक महिने त्याला किनाऱ्यालगतच्या जहाजांवर कोंडून ठेवलं. त्याच्या वतीने हेबियस कॉर्पसची याचिका झाली आणि १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या मातीत जन्मलेला माणूस, परकीय राजदूतांच्या मुलांसारखे मोजके अपवाद सोडले तर, या देशाचा नागरिक आहे, त्याचे आईबाप परदेशी असले तरी. व्हिसावर असलेल्या आपल्या जोडप्यांच्या बाळांना अमेरिकन पासपोर्ट मिळत आला तो या निकालावर. २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने त्यालाच हात घातला, तेव्हा आपल्या गटावर रात्रभर निरोप येत होते, सगळ्यांना वकील हवा होता. त्या दिवसांत कुणीही हा आपला विषय नाही म्हटलं नाही. त्या काळी चिनी माणसांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात अशा हजारो याचिका केल्या होत्या. त्यांच्या संघटनांनी वर्गणी काढून वकील दिले, लोक त्यांच्यावर दगड मारत असताना दिले. त्याचं फळ आपण खातो आहोत.

तिसरं कारण मला सर्वांत जास्त लागलं: बेकायदा आलेले. या देशाचा कायदाच सांगतो की इथे पोचलेला कुणीही, तो नाक्यावरून आलेला असो वा नसो, आश्रय मागू शकतो. १९८० पासून हे कायद्यात आहे. सगळेच अर्ज खरे असतात असं मी म्हणत नाही. काही खोटे असतात, काही फेटाळले जातात, आणि रीतसर सुनावणीनंतर परत पाठवायचा सरकारला अधिकार आहे. माझं म्हणणं सुनावणीपुरतं आहे. न्यायाधीशापुढे उभं राहायच्या आधीच माणूस कोठडीला कंटाळून परत जातो, तेव्हा खरं आणि खोटं कुणी तपासलंच नाही.

दर मे महिन्यात आपण सावरकर जयंती साजरी करतो. मुलं मार्सेलिसच्या उडीचा प्रवेश करतात, मीच दोनदा बसवून घेतला आहे. जुलै १९१० मध्ये मोरिया बोटीवरून उडी टाकून ते फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले. हातात कागद नव्हता, परवाना नव्हता. त्यांना कुणीही ऐकून न घेता परत ब्रिटिशांच्या हवाली करण्यात आलं. त्यावर फ्रान्सने त्यांना परत मागितलं आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. १९११ मध्ये लवादाने मान्य केलं की सोपवण्यात अनियमितता झाली, तरीही ब्रिटनने त्यांना परत द्यायची गरज नाही. या निकालाबद्दल आपण शंभर वर्षांनीही हळहळतो. परक्या किनाऱ्यावर आश्रय शोधणाऱ्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं होतं, हे आपल्याला तिथे पटतं. न्यूअर्कमध्येही पटायला हवं.

आणि एक तक्रार राहिलीच. ५ फेब्रुवारी २०२५ ला लष्करी विमानातून १०४ भारतीयांना अमृतसरला आणलं, त्यातल्या अनेकांच्या हातात बेड्या आणि पायांत साखळ्या घालून. त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. मंडळाने त्या आठवड्यात हळदीकुंकवाचे फोटो पाठवले, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण या तिघांबद्दल मंडळाकडून एक ओळही आली नाही. त्यांना सुनावणी मिळाली होती का, त्यांनी काही मागितलं होतं का, हे विचारायलासुद्धा कुणी पुढे झालं नाही. २०१८ मध्ये ओरेगनच्या शेरिडन तुरुंगात शंभरावर आश्रयार्थी ठेवले होते. त्यांत भारतातून आलेले बरेच होते. त्यांना वकील भेटू दिले जात नव्हते. कोर्टाने हुकूम काढल्यावर वकील आत गेले आणि हळूहळू माणसं बाहेर आली. त्या वकिलांना तेव्हाही सगळ्यांत जास्त गरज दुभाष्यांची होती, आजही तीच आहे.

ही गरज आपण भागवू शकतो, आणि माझं पहिलं मागणं तेच आहे. आपल्या सभासदांत नागपूरकरांना हिंदी पाण्यासारखी येते, सोलापूर-नांदेडकडच्यांना तेलुगू येते, बेळगावच्यांना कानडी, बडोदे-सुरतेच्यांना गुजराती. जे नागरिक आहेत आणि ज्यांची इच्छा आहे त्यांची नावं, भाषा आणि मोकळ्या वेळा यांची एक यादी मंडळाने करावी आणि ती विनामूल्य काम करणाऱ्या वकिलांच्या संस्थांना द्यावी. याला एक डॉलरही लागत नाही.

दुसरं, व्याख्यानाला सभागृह द्या. व्हिसावरच्या सभासदांना संकोच वाटत असेल तर ते ऑनलाइन ऐकतील, नाव न दाखवता. तिसरं, मंडळाच्या वार्तापत्रात एक पान या माहितीला द्या: कुणाला पकडलं तर घरच्यांनी नऊ आकडी नंबर आणि ठिकाण आधी कसं मिळवायचं, न वाचता कशावरही सही का करायची नाही, हेबियस करणारा वकील त्याच रात्री का गाठायचा. हे पान आपल्याही सभासदांच्या उपयोगी पडेल. व्हिसा संपलेले, नोकरी गेलेले, मुदत चुकलेले आपल्यातही आहेत आणि लाजेने गप्प आहेत. चौथं, गणेशोत्सवात खर्च वजा जाता जे उरतं त्यातला काही भाग जामीन आणि कोर्ट फीच्या मदतीसाठी ठेवा. किती, ते सभा ठरवेल. पाचवं, आपल्या भागातल्या काँग्रेस सदस्यांना मंडळाच्या नावाने पत्र जाऊ द्या, की जामिनाची सुनावणी पूर्वीसारखी सुरू करण्यासाठी कायद्यात स्पष्ट तरतूद करावी. दिवाळीच्या कार्यक्रमात हेच सदस्य आपल्या व्यासपीठावर येऊन दिवा लावतात, त्यांना एक पत्र लिहिणं अवघड नाही. आणि व्हॉट्सॲप गटावरून काढलेला माझा निरोप परत टाका.

कार्यकारिणीला यांतलं काहीच मान्य नसेल, तर निदान निर्णय बंद खोलीत होऊ नये. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हे घ्या. मी ठराव लिहून पाठवते आहे, त्याला अनुमोदक मिळाले आहेत. सभासदांना बोलू द्या, मतदान घ्या आणि निकाल काय लागला तो इतिवृत्तात नोंदवा.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद
मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी